भांडं भरलेलं, आभाळ कोरडं

मित्रांनो, आभाळाकडे तोंड करून बसणं हेच ज्याचं काम, असा मी एक जुना पर्जन्यमापक आहे. हे नाव पुस्तकातलं. बोरदरी गावात मला या नावानं कुणी हाक मारली नाही. तिथं मी 'पावसाचं भांडं' होतो, आणि पुढे काही बायकांच्या तोंडी 'पावसाचा देव'ही झालो. देव होणं मला जड गेलं. ते कसं, तेच सांगायचं आहे.

माझं अंग तांब्याचं. वर गोल काठ, काठाच्या आत नरसाळं आणि नरसाळ्याखाली, माझ्या पोटात, काचेची एक बाटली. पाऊस नरसाळ्यातून बाटलीत उतरतो. सकाळी कुणीतरी येतं, बाटली काढतं, त्यातलं पाणी रेघा आखलेल्या काचेच्या मापात ओततं आणि कुठल्या रेघेपर्यंत आलं ते लिहून ठेवतं. पाणी किती आलं हे माझ्यावरून कळतं. ते कुठून आलं हे कळत नाही.

माझा जन्म हैदराबादेतल्या एका कारखान्यातला. तेव्हा आपल्या मुलखावर निजामाचं राज्य होतं. मला घडवणारा कारागीर म्हातारा होता, फारसा बोलत नसे. माझा काठ कानशीनं घासताना मात्र तो शेजारच्याला म्हणाला, "काठ जाडा हुआ तो बूंद बाहर उडती. एक बूंद बी इदर-उदर नक्को." मग त्यानं मला उजेडाकडे धरून एक डोळा मिटला, काठ सरळ आहे असं पाहिलं आणि गवतात गुंडाळून पेटीत ठेवून दिलं. आगगाडीनं मी परभणीला आलो आणि तिथून बैलगाडीनं डोंगराच्या अंगाला.

मला इकडे कशाला पाठवलं, तेही सांगितलं पाहिजे. त्या आधी सबंध तालुक्यात पाऊस मोजायचं एकच भांडं होतं, कचेरीच्या अंगणात. तिथं पाऊस पडला की कागदावर साऱ्या तालुक्यात पडला. पण डोंगराळ मुलखाचा पाऊस तसा नसतो. एका उताराची माती भिजते आणि पलीकडच्या उतारावर धूळ उडत असते. सरकारी राखीव कुरण गुरांना कधी मोकळं करायचं, कुठल्या गावाला चारा द्यायचा, हे कचेरीत ठरायचं ते त्या एका भांड्यावरून, नाहीतर पाटलाच्या वजनावरून. लोक म्हणायचे, ज्याचा फेटा मोठा त्याचा दुष्काळ खरा. मग कुणा अधिकाऱ्याच्या मनात आलं की गावोगाव भांडी ठेवावीत, काही वर्षं नीट मोजावं आणि मग काय तो निर्णय घ्यावा. त्या भांड्यांतला मी एक.

बोरदरी हे चारठाण्याच्या वरच्या अंगाचं लहानसं गाव. मला घेऊन आले ते गिरदावर, म्हणजे पटवाऱ्यांचं काम तपासणारे अधिकारी. त्यांचं नाव हाशमसाहेब. झाडाखाली मी चालत नाही, भिंतीजवळ चालत नाही. साहेबांनी सारं गाव पायाखाली घातलं. शेवटी मोकळी जागा सापडली ती महादेवाच्या देवळासमोर. तिथं दगडाचा ओटा बांधला आणि ओट्यात मला गळ्यापर्यंत बसवलं.

"यात फक्त आभाळाचं पाणी पडायचं," साहेबांनी जमलेल्या लोकांना सांगितलं. "दुसरं कुणी काही करायचं नाही."

गावचे पाटील सटवाजी मिशीतल्या मिशीत हसून म्हणाले, "म्हंजे पूजा बी न्हाई का, साहेब?"

लोक हसले. साहेबही हसले. "पूजा करो पाटील, मगर दूर से."

आता तुम्हीच सांगा मित्रांनो, महादेवासमोर ओटा, ओट्यावर तांब्याचं गोल पात्र. ते पाहून बाईमाणसाचा हात कपाळाला जाणार नाही तर काय होईल? दुसऱ्याच सोमवारी सटवाजींच्या आई धुरपताबाई यांनी माझ्या पायाशी एक कण्हेरीचं फूल ठेवलं. पायाशीच ठेवलं, तोंडात घातलं नाही. मला त्याचा त्रास नव्हता.

माझं पाणी मोजायला यायचे व्यंकटराव पटवारी. त्यांच्याकडे तीन-चार गावं होती आणि राहायला ते चारठाण्यात. रोज सकाळी तट्टावरून यायचे. एकदा त्यांना कंटाळा आला. चारठाण्यात पडला तसा बोरदरीतही पडला असेल, असं म्हणून त्यांनी घरबसल्या आकडा लिहिला. हाशमसाहेबांनी तो पकडला आणि चारचौघांत त्यांना सुनावलं, "अंदाज नको, पटवारीसाब. मापात जे दिसेल ते लिहायचं. नाही दिसलं तर सिफर, शून्य." त्या दिवसापासून व्यंकटरावांनी ते वाक्य गुरुमंत्रासारखं धरलं. मापात जे दिसेल ते. आभाळाकडे पाहणंच त्यांनी सोडून दिलं.

पहिली काही वर्षं माझी चांगली गेली. आकडे साठत गेले तसं कचेरीत दिसून आलं की बोरदरी डोंगराच्या आडोशाला आहे, इथला पाऊस लवकर आटपतो. आधी कुरणाचं फाटक साऱ्या गावांसाठी एकाच दिवशी उघडायचं. मग बोरदरीसाठी ते आधी उघडू लागलं. येडबा धनगराची बायको बानूबाई मेंढरं घेऊन जाताना ओट्यावर काठी टेकून म्हणायची, "भांड्या, तुज्यामुळं माज्या मेंढरांच्या तोंडात येळंवर गवत पडलं बग." कौतुक झालं की बरं वाटतं. मी तांब्याचा असलो तरी.

मग ते कोरडं साल आलं.

मृग गेला, आर्द्रा गेल्या. दोन-तीनदा थेंब पडले, पण नरसाळं ओलं करून वाळून गेले. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला आणि धुरपताबाईंनी नेम धरला. भल्या सकाळी न्हाऊन, विहिरीचं फुलपात्रभर पाणी घेऊन देवळाकडे यायचं, पावसाच्या देवाला ते वाहायचं आणि दुपारचं जेवण होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. फुलपात्र म्हणजे पाणी प्यायचं लहानसं भांडं. गावात पाऊस पडावा म्हणून चातुर्मासभर हे चालवायचं. आणि यातलं अक्षर कुणाला सांगायचं नाही. सांगितलेल्या नेमाचं फळ जातं, असं त्यांच्या सासूनं त्यांना शिकवलं होतं. घरात सून, लेक सगळे समजत की म्हातारी महादेवाला पाणी घालते.

विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. बायका गाळून गाळून भरत. धुरपताबाई स्वतःच्या वाट्यातलं पाणी आणायच्या आणि तेवढं कमी प्यायच्या. श्रद्धेनं घातलेलं ते पाणी माझ्या नरसाळ्यातून उतरायचं आणि बाटलीत जाऊन बसायचं. त्यात आणि पावसाच्या पाण्यात काचेला काही फरक करता येत नाही.

त्या परत गेल्या की उन्हं वर येत आणि व्यंकटराव तट्टावरून उतरत. पहिल्या दिवशी त्यांनी बाटली काढली, माप भरलं. अर्धा इंच.

येडबा देवळाच्या पायरीवर बसून विडी ओढत होता. व्यंकटराव त्याला म्हणाले, "झाला म्हणायचा रात्री पाऊस."

"कुटं झाला, मालक?"

"इथंच. अर्धा इंच."

"मी हितंच निजतो, मेंढरापाशी, उगड्यावर. माजं घोंगडं कोरडं हाय."

"तुझं घोंगडं सरकारी आहे का?" व्यंकटराव म्हणाले. "हे भांडं सरकारी आहे."

येडबानं विडी विझवली. व्यंकटरावांनी लिहिलं.

दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. व्यंकटरावांना नवल वाटलं नाही असं नाही. एकदा त्यांनी ओट्याभोवतीची माती बोटानं उकरून पाहिली आणि स्वतःशीच म्हणाले, "तापलेली जमीन, पिऊन टाकत असेल." चारठाण्यात थेंब नाही आणि इथं आहे, यात त्यांना वावगं वाटेना. डोंगराचा पाऊस असाच असतो, हे दाखवायलाच तर मला इथं आणलं होतं.

कचेरीत आकडे पोचले. आजूबाजूच्या गावांना पाऊस नाही म्हणून त्यांच्या गुरांसाठी कुरण उघडायचा हुकूम निघाला. बोरदरीचं नाव त्यात नव्हतं. बोरदरीला त्या साली भरपूर पाऊस होता, कागदावर.

बानूबाई मेंढरं घेऊन कुरणाच्या फाटकाशी गेली, तेव्हा चौकीदारानं काठी आडवी धरली. हे मी पाहिलेलं नाही. बायकांनी माझ्या ओट्यावर बसून सांगितलं ते ऐकलं.

"चारठाण्याची ढोरं सोडतो. तुमची न्हाई," चौकीदार म्हणाला.

"कामून? आमच्या जितराबाला तोंड न्हाई का?"

"तुमच्याकडं लय पाऊस हाय म्हनं."

"कुन्या भाड्यानं सांगितलं?"

"तुमच्याच भांड्यानं."

त्या दिवशी परत येताना बानूबाईनं मातीचं ढेकूळ उचलून माझ्यावर फेकलं. ते ओट्याला लागून फुटलं. "लबाड हायेस तू," ती म्हणाली. मेंढरं तिच्यामागून खाली माना घालून चालली होती. त्यांच्या बरगड्या मोजता आल्या असत्या. त्यांत गाभण मेंढ्या होत्या, त्या दर थोड्या वेळानं बसत आणि उठायला कंटाळत. येडबा म्हणायचा, कळप घेऊन खाली सोनपेठकडं, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठाला उतरू. बानूबाई म्हणायची, "वाटंतच बसतील. एवडं चालायचं बळ असतं तर रडले असते का?" तिचं सारं घर त्या कळपावर. कुरण उघडलं तर कळप जगणार, नाहीतर नाही. त्याच आठवड्यात एक मेंढी बसली ती उठलीच नाही.

बानूबाई चारठाण्याच्या बाजारात गेली आणि दौऱ्यावर आलेल्या हाशमसाहेबांसमोर उभी राहिली. "साहेब, तुमी पाऊस कागदावर पाडायलाव," ती म्हणाली. "एकदा येऊन आमचं रान तर बगा."

साहेबांनी तिला हाकललं नाही. त्यांच्याही मनात एक खडा टोचत होता. त्यांनी सगळ्या गावांचे आकडे शेजारी शेजारी मांडून पाहिले होते. बाकीच्या गावी कधी सिफर, कधी चार थेंब, कधी पुन्हा सिफर. बोरदरीत मात्र रोज अर्धा इंच. ना कमी, ना जास्त. ते व्यंकटरावांना म्हणाले, "पाऊस म्हणजे काय शिधा आहे, पटवारीसाब? रोज मापानं येतो?"

व्यंकटराव म्हणाले, "मापात दिसतं तेच लिहितो, साहेब. आपलाच हुकूम आहे."

दुसऱ्या दिवशी उजाडताना साहेब बोरदरीत आले आणि देवळाच्या पायरीवर बसले. शेजारी व्यंकटराव. थोड्या अंतरावर येडबा आणि बानूबाई.

धुरपताबाई नेहमीसारख्या आल्या. ओलेतं नेसलेलं, नजर खाली, ओठ हलत होते. हातात फुलपात्र. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. ओट्यापाशी आल्या, पात्र कपाळाला लावलं आणि सावकाश, थेंबही काठाबाहेर न सांडता, माझ्यात ओतलं. मग वळल्या तर समोर माणसं.

पहिली बोलली ती बानूबाई.

"माजी मेंढरं ह्या फुलपात्रात बुडाली व्हय, माय?"

"अम्मा," हाशमसाहेब उठून उभे राहिले, "हे रोज?"

धुरपताबाईंनी ओठ घट्ट मिटले. नेम होता.

तेवढ्यात कुणीतरी धावत जाऊन सटवाजी पाटलांना घेऊन आलं. फेटा अर्धाच बांधलेला. त्यांनी आईकडे पाहिलं, व्यंकटरावांच्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. साहेबांना बाजूला घेऊन ते हळू आवाजात म्हणाले, "साहेब, असं करा. भांडं फुटकं निगालं, असं लिवा. आमच्या मायचं नाव कचेरीत कशाला? गावात हसं व्हईल."

"भांडं फुटकं लिहिलं तर त्याचे सगळे आकडे बाद," साहेब म्हणाले. "मग बोरदरीला पाऊस पडला नाही, हे मी कशावरून सांगू? तुमच्या फेट्यावरून? नाही पाटील. पाणी कुणी घातलं, कधीपासून, किती, याचा जबाब पाहिजे. तेवढं वजा केलं की उरेल तो खरा पाऊस. मग मी कुरणाची शिफारस करू शकतो. दुसरा रस्ता नाही."

"माय बोलणार न्हाई. तिचा नेम हाय."

"आनि माज्या मेंढरांचा?" बानूबाई म्हणाली. "त्यास्नी कुनी इचारलं का, बायांनो, तुमचा उपास किती दिसाचा?"

"ए बानू, तोंड सांभाळ," सटवाजी ओरडले.

"सांभाळूनच हाय. न्हाईतर लय बोलले असते."

बायका जमल्या होत्या. त्यांच्यात कुजबुज सुरू झाली. नेम सांगितला तर फळ जाणार, पाऊस गावाला कायमचा पाठ दाखवणार, असं एक जण म्हणाली. दुसरी म्हणाली, एका धनगराच्या मेंढरांपायी साऱ्या गावाचा पाऊस घालवायचा का? धुरपताबाई हे सगळं ऐकत होत्या. त्या ओट्याच्या कडेला टेकल्या. माझ्या काठावर पाण्याचा एक थेंब अडकला होता, तो त्यांनी पदरानं टिपला. व्यंकटरावांनी काढून ठेवलेल्या बाटलीकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

नेम म्हणजे काय, हे ज्यांनी तो धरलेला नाही त्यांना सांगून कळत नाही, मित्रांनो. तहान लागली की पाणी दिसतं, बोलावंसं वाटलं की जीभ हलते, आणि माणूस देवाला दिलेल्या शब्दासाठी दोन्ही थांबवतो. त्या शब्दाला त्यांनी जन्मभर जपलं होतं. आता दुपार व्हायची होती आणि त्या काय करतील याची सगळे वाट पाहत होते.

"बानू," धुरपताबाई म्हणाल्या. "किती मेंढरं गेली गं तुजी?"

बानूबाई दचकली. "गेली त्यांचं जाऊ द्या, माय. हायेत त्यांचं बगा."

मग त्या साहेबांकडे वळल्या. "मीच घातलं. आषाढी एकादशीपासून. ह्याच फुलपात्रानं. रोज काठोकाठ."

"कुठला दिवस चुकला, अम्मा? आजारपण, परगाव?"

"नेमात चुकत न्हाईत, साहेब."

"माय, नेम मोडला की गं!" सटवाजी म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान पोरासारखा झाला.

"आता कुटला येतो पाऊस!" बायकांतून कुणीतरी म्हणालं.

धुरपताबाईंनी त्या आवाजाच्या दिशेनं पाहिलं. "देव वरून बगत असंल का न्हाई?" त्या म्हणाल्या. "त्यानं बगितलं असंल, बोरदरीचं भांडं भरल्यालं हाय. त्याला वाटलं असंल, हितं कशाला पडू? गेला म्होरं. कागदवाली मानसं फसली तसा त्योबी फसला असंल. मागायला गेल्यावर भांडं रिकामं दावावं लागतं. मी येडी, रोज भरून दावत व्हते."

कुणी हसलं नाही. साहेबांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "लिखो, व्यंकटराव."

व्यंकटरावांनी आधी बाटलीतलं पाणी मापात ओतून दाखवलं. अर्धा इंच. मग तेच पाणी पुन्हा धुरपताबाईंच्या फुलपात्रात ओतलं. ते काठोकाठ भरलं. सगळ्यांनी वाकून पाहिलं. मग साहेबांनी रोजच्या आकड्यातून तेवढं तेवढं वजा करायला सांगितलं. व्यंकटराव एकेक आकडा वाचत गेले, वजा करत गेले आणि प्रत्येकापुढे सिफर येत गेलं. नेम इतका सरळ पाळला होता म्हणूनच तो आकड्यांतून सरळ काढता आला. मधेच व्यंकटराव थांबले आणि येडबाकडे न बघता म्हणाले, "तुझं घोंगडं बरोबर होतं, बाबा."

"सरकारी करून घ्या मग," येडबा म्हणाला. आता मात्र सगळे हसले, सटवाजीही.

साहेबांची शिफारस गेली. हुकूम यायला वेळ लागला, कारण कागदाला पाय असतात पण घाई नसते. तेवढ्या काळात बानूबाईच्या आणखी काही मेंढ्या गेल्या. मग एके दिवशी फाटक उघडलं आणि उरलेला कळप आत गेला. आत गेल्यावर मेंढरं पांगली नाहीत, तिथंच फाटकाशी माना घालून चरत राहिली, असं बानूबाईनं सांगितलं. एवढी भुकेली होती.

पाऊस आला का, असं तुम्ही विचाराल. आला, पण उशिरा, हस्त नक्षत्रात, आणि थोडाच. व्यंकटरावांनी तो मोजून लिहिला. धुरपताबाई बोलल्या म्हणून तो थोडा पडला, असं काही जण म्हणाले. बोलल्या म्हणून निदान तेवढा तरी पडला, असं बाकीचे म्हणाले. यावर देवळापुढे पुष्कळ वाद झाले. मी त्यात कुणाचीच बाजू घेतली नाही.

धुरपताबाईंनी नेम सोडला नाही. चातुर्मास पुरा व्हायचा होता. त्या रोज त्याच वेळी न्हाऊन फुलपात्र घेऊन निघत, माझ्याजवळून जात आणि पुढे येडबाच्या मेंढरांच्या वाड्याकडे वळत. तिथं एक आई गेलेलं कोकरू होतं. त्याच्यापुढे त्या पात्र धरत. कोकरू पाणी पिऊन होईपर्यंत उभ्या राहत आणि न बोलता परत येत. माझ्या ओट्यापाशी दुसरी कुणी बाई हातात तांब्या घेऊन दिसली, तर त्या दुपारपर्यंत थांबत आणि मग तिच्या घरी जाऊन तिला चांगलं झापत.

कार्तिकी एकादशी झाल्यावर उद्यापन करायचं होतं. उद्यापनाला सवाष्ण जेवायला घालतात. पाटलांच्या घरची सवाष्ण, म्हणून चारठाण्याच्या देशमुखांकडची कुणी बोलवतील असं सगळ्यांना वाटलं होतं. धुरपताबाई दुपारी माझ्या ओट्यावर येऊन बसल्या आणि कळप घेऊन परतणाऱ्या बानूबाईला त्यांनी हाक मारली.

"बानू, उद्या जेवाय यायचं. येडबाला बी घेऊन ये. सवाष्ण तू हायेस."

बानूबाईला काठी कुठं धरावी ते समजेना. "म्या? धनगराची? आनि म्याच तर तुमचा नेम मोडायला लावला, माय."

"मोडला न्हाईस. मापात आनलास." धुरपताबाई म्हणाल्या. "पुरन करते. दूध मातर तुजं आन, मेंढीचं. आमची म्हस आटली."

"आनते की," बानूबाई म्हणाली आणि पदरानं नाक पुसत मेंढरांवर उगीच ओरडली.

मित्रांनो, त्यानंतर बरीच वर्षं गेली. धुरपताबाई गेल्या. हाशमसाहेबांची बदली झाली. माझ्या काठाला पोचा पडला, नरसाळ्यात चिमण्या काड्या घालू लागल्या, कुणी ओट्यावर गोवऱ्या वाळत टाकल्या. मग अठ्ठेचाळीस साल आलं. निजामाचं राज्य संपायच्या धामधुमीत वाटा धोक्याच्या झाल्या होत्या, चारठाण्याहून तट्टू यायचं बंद झालं. त्या पावसाळ्यात बाटली भरून वाहिली आणि कुणी मोजली नाही. राज्य बदललं. नवे अधिकारी आले, त्यांनी बोरदरीचे आकडे मागितले, तर तेवढ्या महिन्यांची जागा कोरी होती. एका अधिकाऱ्यानं विचारलं, "मग यंदा इथं पाऊस किती धरायचा?" कुणालाच सांगता आलं नाही.

मी आता म्हातारा झालो आहे आणि माझं मागणं लहान आहे. मला फूल वाहायचं तर पायाशी वाहा. माझ्या तोंडावर गोवरी ठेवू नका, आणि प्रेमानं पाणीही घालू नका. रोज सकाळी येऊन एकदा आत बघा. भरलेला असेन तर भरलेला लिहा. रिकामा असेन तर रिकामा लिहायला लाजू नका. कुणाच्या तरी मेंढरांचं फाटक त्या रिकामेपणावर उघडायचं असतं.